शेजारचा बंद कॉम्प्युटर

शिवाजीनगर, बेंगळुरू
३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कार. चष्मा लावून बस, पत्र लांब आहे. फोनवर मी ओरडते, तू "काय? काय?" करतेस, आणि खालच्या गॅरेजवाल्यांना आपल्या घरच्या सगळ्या गोष्टी पाठ होतात. तुझे कान गेले तेव्हापासून मला कागदच बरा वाटतो.

माझ्या गुडघ्यांनी आता हात टेकले आहेत. वॉर्डात आयाचं काम म्हणजे दिवसभर वाकणं आणि जिने. मोठ्या सिस्टर परवा म्हणाल्या, "शिवलीला, नोंदणीच्या काउंटरवर जागा होणार आहे. बसून करायचं काम. कोर्स केलास तर तुझं नाव सुचवते." कोर्स सगळा कॉम्प्युटरवर आहे. धडेही त्यातच आणि परीक्षाही. आणि तो सुरू होण्याआधी एक पूर्वचाचणी असते. आलेल्या बाईला कॉम्प्युटर चालू करता येतो का, माऊस धरता येतो का, चार ओळी लिहून जपून ठेवता आणि पुन्हा शोधता येतात का, ते बघतात.

म्हणजे बघ, चाचणीत नापास झाले तर कोर्स नाही. कोर्स नाही तर काउंटर नाही. आणि काउंटर नाही तर मला परत निपाणीला दिरांच्या घरी जावं लागेल. तुझ्या दोन खोल्यांत तुझी सूनच अंग चोरून वावरते, तिथं मी कुठं मावणार? दिरांच्या घरात मी अकरा माणसांची धुणीभांडी केली आणि तरी आयतं खाणारी ठरले. अक्का, मला त्या घरात म्हातारं व्हायचं नाही. एवढंच मागणं आहे माझं.

म्हणून चाचणीच्या सरावाला जाते. केंद्र जवळच आहे, खाली पत्र्याच्या ट्रंका विकतात आणि वर आम्ही शिकतो. चंदना मॅडम शिकवतात, वयानं तुझ्या सुनेएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी चाचणीबद्दल बरंच काही सांगितलं, कन्नड आणि इंग्रजी मिसळून, भरभर. मी मान हलवत राहिले. लक्ष सगळं माऊसकडे होतं. तो हातात धरला की बाण स्क्रीनवरून पळून जातो, चुलीपाशी झुरळ दिसावं तसा. दोनदा टिचकी मारायची म्हणजे कुणाचं दार वाजवल्यासारखं. मी इतक्या सावकाश वाजवते की आतलं कोणी उघडत नाही.

पण शेजार चांगला मिळालाय. खिडकीशी शेवटच्या कॉम्प्युटरवर एक बाई बसतात, आपल्या वयाच्याच, केसांत अबोलीचा गजरा. मराठी बोलतात, पण इथली जुनी मराठी. मला म्हणाल्या, "स्वल्प हलका धरा हो. चावत नाही ते." किती बरं वाटलं सांगू. त्या फार हुशार आहेत. बोटं अशी चालतात की बघत राहावं, आणि आवाज अजिबात नाही. गंमत म्हणजे त्यांची स्क्रीन बंदच असते, काळी. मला वाटतं, एवढं येणाऱ्याला स्क्रीनची गरज पडत नसावी.

उठताना "येते हं" म्हणतात. मी "या अक्का" म्हणते. रागावू नकोस, इथं सगळ्यांनाच अक्का म्हणतात.

तुझी
शिवलीला


निपाणी
९ फेब्रुवारी २०२५

शिवू,

आशीर्वाद. पत्र मिळालं. दुसरी अक्का केलीस ते वाचलं. कर बाई, जवळची असलेली बरी. मी इथं बहिरी, वर लांब.

तुझ्या जाऊबाई बाजारात भेटल्या होत्या. "शिवलीला कधी येते? पापडाचे दिवस आले" म्हणाल्या. त्यांना पापड लाटायला तू आठवतेस. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचे एवढे तरी फायदे असावेत. तेव्हा नीट शीक, आणि त्या घराचं नाव मनातून काढून टाक.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण पोस्टात ती चष्मेवाली मुलगी बसते ना, ती स्क्रीन बघितल्याशिवाय माझं नावसुद्धा लिहीत नाही. पाच वर्षं तेच काम करते. मागच्या खेपेला लाइट गेले, तर हात बांधून बसली होती. तुझ्या शेजारणीला काळ्या स्क्रीनवर काय दिसतं, जरा विचारून बघ. मला आपली उत्सुकता.

गुडघ्याला एरंडेल लावून शेक. सून म्हणते की मावशीला सांगा, माऊस म्हणजे उंदीर. मी म्हटलं, ते तिला ठाऊक असेल, ती बेंगळुरूला राहते.

तुझी
अक्का (यल्लव्वा. आता दोन झाल्यात म्हणून नाव घातलं.)


शिवाजीनगर
१६ फेब्रुवारी २०२५

परिय अकका,

हे पतर मी सवता टाइप करते आहे. मॅडम महणतात घरी पतर लिहा महणजे सराव होतो. जोडाकषर अजून येत नाहीत, हसू नको. एवढं लिहायला अरधा तास गेला. छापून पोसटात टाकते. शेजारचया बाईना विचारलं काळया सकरीनवर काय दिसतं. तर महणालया, माझी पाळी यायची आहे अजून, आली की दिसेल. मला काही कळलं नाही. हात दुखला. थांबते.

आता मला सगळं येतं, अक्का. कुठलीही फाइल द्या, शोधून देईन. फक्त एकदा बसायला मिळालं पाहिजे, एवढंच. पण तारीख जवळ आली की स्वल्प भीती वाटते. छातीत धडधडतं. नापास झालं तर लोक काय म्हणतील, या वयात कशाला गेली होती म्हणतील. तुम्ही जवळ असता तर तुमचा हात धरला असता.


निपाणी
२१ फेब्रुवारी २०२५

शिवू,

तुझं छापील पत्र सगळ्या गल्लीला दाखवलं. "अकका" वाचून सून पोट धरून हसली. मी तिला म्हटलं, तू लिहून दाखव आधी.

पण एक सांग, वरचा अर्धा कागद अडखळत लिहिलास आणि खालचा अर्धा एकदम झरझर, हे कसं काय? मॅडमनी मदत केली का? आणि मला "तुम्ही" कधीपासून म्हणायला लागलीस? लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालणारी तू, आणि आता "तुम्ही जवळ असता तर." वर "स्वल्प" काय. चार महिन्यांत पुरती बेंगळुरूवाली झालीस. तिकडं मशीनला मान देऊन बोलावं लागत असेल, असं मी समजते.

घाबरू नकोस. लोक काय म्हणतील याची भीती तुला आधी कधी नव्हती, आता कुठून आणलीस? हात धरायला हवा म्हणतेस ना, मग समज मी धरला. घट्ट धरलाय. चाचणी होईपर्यंत सोडत नाही, जा.

छातीत धडधडतं ते दवाखान्यात दाखव. तिथंच तर काम करतेस.

तुझी
अक्का


शिवाजीनगर
२६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

हे हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

खालच्या अर्ध्या कागदावरचं मी लिहिलेलं नाही. मी "थांबते" लिहिलं आणि छापायला दिलं. कागद बघितलासुद्धा नाही, तसाच घडी करून पाकिटात घातला. तुझं पत्र आलं तेव्हा मला कळलं.

मी चंदना मॅडमकडे गेले. विचारलं, माझ्या शेजारी खिडकीशी बसतात त्या बाई कोण? मॅडम हातातलं काम ठेवून वळल्या. म्हणाल्या, "तिथं कोणीच बसत नाही. तो कॉम्प्युटर वर्षभर बंद आहे. तुम्ही रोज त्या खुर्चीवर पिशवी ठेवता, म्हणून मी कुणाला बसवत नाही." अक्का, त्या बाईच मला म्हणायच्या, "मी येईपर्यंत खुर्ची धरा हो." मी रोज त्यांची जागा धरून ठेवत होते.

मग मी गजऱ्याचं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी धनलक्ष्मी नावाच्या बाई यायच्या म्हणे. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, ब्लाउज शिवायच्या, कापड आणायला चिकपेटला जायच्या. त्यांना सगळं यायचं. पण चाचणीची तारीख दिली की "पुढच्या महिन्यात" म्हणायच्या. असे किती महिने गेले. शेवटी एकदा तयार झाल्या, गजरा माळून निघाल्या, आणि इथल्या बसस्टँडवर छातीत कळ येऊन गेल्या. घरचं कुणी जवळ नव्हतं.

त्या दिवसापासून मी दुसऱ्या टोकाला बसते. खिडकीकडे बघतही नाही. पण पहिल्याच संध्याकाळी उठले, तर कानाशी अगदी हळू आवाज आला, "येते हं." आणि माझ्या तोंडून "या" निघून गेलं. सवय गं अक्का. जन्माची सवय. कुणी "येते" म्हटलं की आपण दुसरं काय म्हणतो?

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. सकाळी मी दोन पेल्यांत कॉफी ओतते आणि मग मला समजतं. वॉर्डात एका म्हातारीच्या झग्याची शिवण उसवली होती. बोलता बोलता मी ती शिवून दिली, इतकी बारीक की टाका दिसत नाही. मला साधं बटण लावता येत नाही, तू कितीदा बोलली आहेस त्यावरून. काल सिस्टर म्हणाल्या, "अबोली छान दिसते तुला." मी डोक्याला हात लावला. गजरा होता. मी तो घेतलेला नाही.

आणि बोटं. अक्का, बोटं चालायला लागली आहेत. जोडाक्षरं येतात, फाइल सापडते, बाण सांगेन तिथं उभा राहतो. मॅडम म्हणाल्या, "एकदम कसं जमलं?"

चाचणी सहा मार्चला आहे. तिच्या हातानं मी नक्की पास होईन. माझ्या हातानं होईन का, माहीत नाही. तिला थांबू दे, असं एक मन म्हणतं. चाचणीपुरतं. मग बघू. तू सांग, काय करू? लवकर लिही.

शिवू


निपाणी
२ मार्च २०२५

शिवू,

पत्र वाचून माझा चष्मा हातातून पडला. आज हसण्यासारखं काही लिहीत नाही.

सुतकाच्या घरी जाऊन आपण निघतो, तेव्हा काय म्हणतो? काही म्हणत नाही. नुसतं उठतो आणि चालायला लागतो. एरवी म्हशीच्या गोठ्यातून बाहेर पडतानाही "येते" म्हणणारी आपली आई तिथं तोंड मिटून घ्यायची. कारण "येते" हे तिथं कबूल करायचं नसतं, आणि कुणी "ये" म्हणायचंही नसतं. तू अजाणता म्हणालीस, रोज म्हणालीस. ज्या बाईला शेवटचा निरोप कुणीच दिला नाही, तिला तू रोज बोलावलंस. बिचारी आली. तिचा दोष काय?

आणि दोष एकटीचा नाही. मीही लिहिलं की हात धरला, घट्ट धरला. मला वाटलं तुझा धरते आहे.

आता नीट वाच. तिच्या हातानं चाचणी देऊ नकोस. दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस पाणी पिशील? आज चाचणी, उद्या कोर्स, परवा काउंटर. प्रत्येक वेळी तीच बसेल आणि तू मागं उभी राहशील. जावेच्या घरात राहणं परवडलं, निदान तिथं तुझे हात तुझे होते. तुला येत नसेल तर येत नाही म्हण. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे बघायलाच ती चाचणी असेल ना?

पत्र मिळताच मला उत्तर लिही. हे पत्र तुला सहाच्या आत मिळू दे, म्हणून सुनेला आत्ताच पोस्टात पिटाळते.

तुझी
अक्का


शिवाजीनगर, बेंगळुरू
७ मार्च २०२५

आदरणीय यल्लव्वाअक्का,

नमस्कार. आपलं पत्र काल सकाळी मिळालं. शिवलीलांनी वाचलेलं नाही. पोस्टमननं दार वाजवलं तेव्हा मीच घेतलं. मी त्यांना दाखवणार होते, पण चाचणीला निघायचं होतं. उगाच त्यांचं मन अस्थिर झालं असतं.

चाचणी छान झाली. सगळं बरोबर. बाण कुठं अडखळला नाही. लिहायला सांगितलेलं लिहिलं, जपून ठेवलं, बंद केलं आणि पुन्हा शोधून दाखवलं. चंदना मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी इतके महिने घाबरले ते एवढ्यासाठी? स्क्रीनवर नाव मात्र शिवलीलांचं आलं. तेवढं स्वल्प लागलं मनाला. सरी, असू दे, चालायचंच.

तुम्ही हात धरलात म्हणून धीर आला. माझा हात इतका घट्ट कुणी धरला नव्हता. तुम्ही अजून सोडलेला नाही, ते मला जाणवतं.

शिवलीला आत आहेत. दमल्या आहेत फार. मी म्हटलं, झोपा, मी बघते सगळं. त्यांचे गुडघे किती दुखतात हो. जिना चढताना मला कळतं. तुम्ही सांगितलेलं एरंडेल लावते आहे.

आता कोर्स सुरू होईल. त्याआधी तुम्हाला एकदा बघावं असं मनात आहे. पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, निघेन म्हणते. तुमच्यासाठी दोन ब्लाउज शिवून आणते. तुमचं माप विचारायला नको, शिवलीलांना आठवतं ते.

मी कुणाच्या घरी "या" म्हटल्याशिवाय जात नाही. आमच्या घरची तशी रीत आहे. तेव्हा दोन ओळी लिहा. नुसतं "या" लिहिलंत तरी पुरे.

येते.

धनलक्ष्मी


निपाणी
१० मार्च २०२५

धनलक्ष्मीबाई,

नमस्कार. पत्र तुम्हीच उघडाल, म्हणून तुम्हालाच लिहिते. मी ठार बहिरी आहे. तुम्ही माझ्या दारात येऊन हाक मारली तरी मला ऐकू येणार नाही आणि सवयीनं माझ्या तोंडून काही निघणार नाही. आपलं बोलणं कागदावरच.

तुमची चाचणी झाली, तुम्ही पास झालात, हे वाचून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. चुलीपुढं बसून मी जरा रडलेसुद्धा. एका बाईनं या वयात एवढं शिकावं आणि शेवटच्या दिवशी बसस्टँडवर तिचं असं व्हावं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तुमचं राहिलेलं काम आता झालं आहे. मी साखर वाटली. सुनेनं विचारलं कशाची, तर म्हटलं, एक ओळखीची बाई पास झाली.

पण पुढचं तुमचं नाही. कोर्स शिवूचा आहे. काउंटर तिचा आहे, तिचा जन्मही तिचाच आहे. ती येडी आहे, तिला बटण लावता येत नाही, माऊस धरता येत नाही. तरीही ते तिनंच करायचं आहे. नाही जमलं तर परत येईल. मी सुनेला सांगून ठेवलंय, दोन खोल्यांत पाचवं माणूस झोपेल, अंग चोरून. दिरांच्या घरी मी तिला जाऊ देणार नाही. माझी धाकटी बहीण मला हवी आहे, बाई. पास झालेली नको, नापास झालेली चालेल, पण तीच हवी.

मी "या" लिहिणार नाही.

तुम्हाला निरोप कुणी दिला नाही, ते मी देते. आपल्यात निघणाऱ्या माणसाला कुणी "जा" म्हणत नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी कुणाला म्हटलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते. धनलक्ष्मीबाई, तुम्ही जा. आणि निघताना "येते" म्हणू नका.

घरातली बाई जायला निघाली की तिला खण देतात. पाकिटात घातला आहे. निळा, लाल काठाचा, गुळेदगुड्डचा. तुम्हाला कापडातलं कळतं, बघून घ्या. हा शिवून इथं आणू नका. बरोबर न्या.

मी धरलेला हात सोडते.

यल्लव्वा


शिवाजीनगर
१९ मार्च २०२५

अकका,

वर तुझं नाव मुद्दाम असं ठेवलंय. टायपिंगच्या बाकीच्या चुका मॅडमनी शेजारी बसून माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या, पण ही मी दुरुस्त करू दिली नाही. हे बघून तुला लगेच कळेल, कोण लिहितंय ते.

मला जाग आली ती बसस्टँडवर. शनिवार होता. ऊन चढलेलं, पायाशी भरलेली पिशवी, पिशवीत दोन नवे ब्लाउज, आणि हातात तुझं उघडलेलं पत्र. चाचणीच्या आदल्या दिवसापासून तोवरचं मला काही आठवत नाही. मी तिथंच बाकावर बसून तुझं पत्र वाचलं. "नापास झालेली चालेल" वाचलं आणि मला रडू फुटलं. शेजारच्या फुलवालीनं पाणी दिलं. तिच्या टोपलीत अबोली होती. माझे केस मोकळे होते.

तू खण घातल्याचं लिहिलं आहेस. पाकिटात नव्हता. पिशवीतही नव्हता. बाकाखाली, सगळीकडे बघितलं.

तिथून तडक केंद्रात गेले. मॅडमना म्हटलं, "ती चाचणी माझी नव्हती. मला काही येत नाही. पुन्हा घ्या, आणि नापास करायचं तर करा." त्या म्हणाल्या, "नापास? शिवलीला अक्का, इथं नापास कुणी होतच नाही. कुणाला किती येतं ते बघून कुठून शिकवायला सुरुवात करायची ते ठरवतो, एवढंच. येत नसेल तर आधी साधा वर्ग, मग तोच कोर्स. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की. तुम्ही मान हलवलीत."

मी विचारलं, "धनलक्ष्मीबाईंनाही सांगितलं होतं?"

मॅडमनी खिडकीशी असलेल्या त्या कॉम्प्युटरकडे बघितलं. म्हणाल्या, "सांगितलं होतं. त्याही मान हलवायच्या."

अक्का, ती बाई नसलेल्या गोष्टीला भिऊन महिने मागून महिने थांबली, आणि भीतभीतच गेली. आपल्यासारख्या बायकांना कुणी काही समजावलं की आपण कळल्यासारखी मान हलवतो. पुन्हा विचारायची लाज वाटते. मीही तेच केलं. तिच्याशी तुलना करून मला माझाच राग आला.

मॅडमनी चाचणी पुन्हा घेतली. बाण पळाला. फाइल हरवली ती हरवलीच. निम्मं आलं, निम्मं नाही. मॅडमनी साध्या वर्गात नाव घातलं, त्यानंतर कोर्स. सिस्टर थांबायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं. या वेळी दोनदा विचारलं.

निघताना मी खिडकीपाशी गेले. भीती वाटली, तरी गेले. त्या काळ्या स्क्रीनपुढं पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि एका एका बोटानं लिहिलं, की धनलक्ष्मीअक्का, इथं नापास नसतं. कधीच नव्हतं. बटणं दाबल्याचा आवाज आला. स्क्रीन काळीच होती. मी जरा वेळ वाट बघितली, मग उठले. काही न बोलता, आपली आई सुतकाच्या घरातून निघायची तशी, तोंड मिटून चालायला लागले.

कॉफी आता एकाच पेल्यात ओतते. काल ब्लाउजचं बटण निघालं, ते मला लावता आलं नाही. खालच्या गॅरेजवाल्याच्या बायकोनं लावून दिलं. तू हसशील, पण मला इतका आनंद झाला. पिशवीतले ते दोन ब्लाउज मात्र तुझ्या मापाचे आहेत. काय करायचं त्यांचं, तू सांग.

तुझी
शिवू

पत्र मिळालं, यल्लव्वाअक्का. खण सुंदर आहे. काठ हातमागाचा आहे, हात फिरवला की कळतं. जाते.

(हे खाली पेननं लिहिते आहे. वरच्या दोन ओळी माझ्या नाहीत. या वेळी पाकीट चिकटवण्याआधी कागद वाचला, तेव्हा दिसल्या. खोडाव्यात असं वाटलं, पण खोडवेना. तुला दिसाव्यात म्हणून तशाच पाठवते. फक्त वाचताना तुझ्या तोंडात सवयीनं "या" आलं असेल, तर ते तसंच गिळ, अक्का. बोलू नकोस.)